फेशियलला जाताना तोंड घासून जाऊ नये

आमच्या भागात कुठलीही वस्तू दुसऱ्याच्या हातात देण्याआधी ती स्वच्छ करून द्यायची पद्धत आहे. भांडीवाली येणार म्हटलं की भांडी आधी विसळून ठेवायची. शिंप्याकडं उसवलेला ब्लाऊज द्यायचा तर तो आधी धुऊन, घडी घालून द्यायचा. दवाखान्यात जायचं तर ताप फणफणत असला तरी अंघोळ करून, चांगली साडी नेसून जायचं. का, तर लोकांनी नाव ठेवायला नको. याच न्यायानं, पार्लरमध्ये तोंड साफ करून घ्यायला जायचं तर ते आधी घरी लख्ख घासून न्यायचं. हे शेवटचं माझ्या आईनं ठरवलं, आणि त्यापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

मी हायस्कूलात शिकवते. शाळेतल्या नव्या शिक्षिकांपैकी कुणाचं लग्न ठरलं की ती मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसते आणि हळूच विचारते, "मॅडम, फेशियल करू का? तुमचं तर..." पुढचं बोलत नाही. तुमचं तर तोंड भाजलं होतं ना, असं तिला म्हणायचं असतं. मी म्हणते, कर की. स्वतः कमावतेस, हौस आहे, कर. फेशियलवर माझा राग नाही. आरामखुर्चीत आडवं पडायचं आणि दुसऱ्या बाईनं तासभर आपल्या तोंडावरून, मानेवरून हात फिरवायचा, हे सुख आमच्याकडच्या बायकांच्या वाट्याला किती येतं? न्हाणीघरात लहानपणी आईचा हात फिरला तेवढाच. माझा राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीवर, आणि तो सांगितल्याशिवाय मी कुणाला सल्ला देत नाही.

माझं माहेर चिंताकी, बीदर जिल्ह्यातल्या औरादजवळचं गाव. घरी शेती, तूर आणि ज्वारी. मी रंगानं सावळी, आणि हे मला कुणी ना कुणी रोज सांगत आलं, जणू मी ते विसरून जाईन. बीदरला नोकरी लागली, तिथंच नौबादमध्ये खोली घेऊन राहू लागले, आणि तिशी उलटली तरी लग्न होत नव्हतं. स्थळं यायची, पोहे खायची, आणि रंगाचं नाव न घेता पत्रिका जुळत नाही म्हणायची. मग आळंदचं स्थळ आलं. घरी तुरीचा व्यापार, मुलगा कॉलेजात शिकवणारा. बोलायला कमी, पण बघायला आला तेव्हा मी वर्गात काय शिकवते ते त्यानं विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकलं. मला तो आवडला. हे मी आत्ता लिहिते आहे, तेव्हा आईलासुद्धा बोलले नव्हते.

लग्न घाईत ठरलं. बस्ता कलबुर्गीला झाला. ब्लाऊज शिवून तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा मुलाच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे माझ्या होणाऱ्या नणंदेनं, फोन केला. त्यांच्या घरात तिचाच शब्द चाले. मुलाची आईसुद्धा तिला विचारल्याशिवाय भाजीत मीठ टाकत नसे. ती म्हणाली, "ब्लाऊज घ्यायला तू कलबुर्गीला ये, मी बी आळंदहून यायलेय. तिथं मोठं पार्लर हाय. नवरीचं फेशियल आमच्याकडून."

आमच्याकडून म्हणजे मानाचं. पूर्वी मुलाकडून उटणं यायचं, आता फेशियल आलं. नको म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही नको नव्हतं. तोवर मी पार्लरची पायरी भुवयांपुरतीच चढले होते.

आई आदल्या दिवशीच चिंताकीहून नौबादला आली, येताना पिशवीत ज्वारीचं पीठ, आंबट दही आणि लिंबं घेऊन. सकाळी मला मोरीजवळ बसवलं आणि सुरुवात केली. पीठ, दही, वरून अख्खं लिंबू पिळलं. घासतेय, घासतेय.

"आई, तिथं तेच करणार हायत."

"गप बस. कलबुर्गीची पार्लरवाली तोंडाला हात लावंल आन् बोटाला मळ लागंल. शेतकऱ्याची पोर म्हणून हसंल. नणंद बसलेली असंल बाजूला. माझी इज्जत न्हाई का काही?"

कलबुर्गीच्या गाडीत खिडकीतून वारा लागायला लागला तेव्हा गाल चुरचुरत होते. मी पदर गुंडाळून घेतला आणि मनात म्हटलं, आई खूश आहे ना, बास. आता मी मुलींना पहिली गोष्ट हीच सांगते: जाण्याआधी दोन-तीन दिवस तोंडाला पाणी आणि नेहमीचा साबण, एवढंच. घरचं उटणं नाही, लिंबू नाही, कुणी दिलेलं गोरं होण्याचं मलम तर नाहीच नाही. घरचं म्हणजे काही लावलंच नाही, असं आपण धरून चालतो. आपल्या कातडीला घरचं आणि बाजारचं कळत नाही.

पार्लर चांगलं होतं. काम करणारी मुलगी नीट बोलणारी होती, कानडी आणि आमची मराठी दोन्ही. तिनं माझे केस पट्टीत बांधले, खुर्ची मागं केली, गुलाबपाण्यात बुडवलेले कापसाचे बोळे डोळ्यांवर ठेवले. मग विचारलं, "मॅडम, पहिल्यांदा करायलायत का?"

मी तोंड उघडलं, पण उत्तर बाजूच्या खुर्चीतून आलं. नणंद म्हणाली, "न्हाई हो, नेहमीचंच हाय. नोकरीवाली हाय ती."

"घरी काय लावलंत का चेहऱ्याला?"

"काय न्हाई, काय न्हाई."

"ब्लीच करायचं तर आधी कानामागं थोडं लावून बघूया का? थोडा वेळ थांबावं लागंल."

"वेळ कुठंय? आळंदची गाडी गाठायचीय. तुम्ही करा. रंग जरा उजळायला पायजे, बाकी नाकडोळे बरे हायत."

सगळे प्रश्न बरोबर होते. मी त्या मुलीला आजही दोष देत नाही. विचारायचं ते तिनं विचारलं. पण प्रश्न माझ्या तोंडाबद्दल होते आणि उत्तरं दुसरीच बाई देत होती, आणि मी डोळ्यांवर कापूस ठेवून आडवी, वर्गात साठ पोरांना गप्प करणारी मास्तरीण, गप्प पडून होते. नव्या नात्यात पहिल्याच दिवशी कसं बोलायचं, हा विचार. माझा राग आहे तो यावर. मुलींनो, सोबत कुणालाही न्या, पण त्या खुर्चीत आपलं उत्तर आपण द्या. पहिल्यांदाच आलेय म्हणा. लिंबू घासून आलेय म्हणा, हसली तर हसू द्या. आणि कानामागं लावून बघते म्हणाली तर गाडी चुकली तरी चालेल.

मग तिनं स्क्रब केलं, म्हणजे आई घासून गेली होती तेच पुन्हा, दाणेदार मलमानं. मग वाफ. वाफेला तोंड धरलं तेव्हाच डोळ्यांतून पाणी आलं, पण ते कापसातच जिरलं. मग वाटीत कालवलेलं ब्लीच ब्रशनं फासलं. नाकात झणका गेला. थोडा वेळ गार वाटलं, आणि मग गालांवर कुणीतरी मिरचीचा ठेचा लिंपावा तशी आग सुरू झाली.

"जळायलंय," मी म्हणाले.

"थोडं तर जळणारच," नणंद म्हणाली. "तेव्हाच लागू पडतंय."

"मॅडम, लई जळायलंय का?" मुलीनं विचारलं.

"लई जळायलंय. काढा."

"पाच मिनिटं ठेवा हो," नणंद तिला म्हणाली. "सवय न्हाई तिला."

आत्ता तर नेहमीचंच आहे म्हणाली होती! ते ऐकलं आणि माझ्यातली नवरी गेली, मास्तरीण उठली. मी डोळ्यांवरचे बोळे काढून फेकले, खुर्चीतून उतरले, बेसिनशी गेले आणि नळ पूर्ण सोडून तोंडावर पाणी मारायला लागले. मागून आवाज येत होता, "काय करायलीस? अर्धवट सोडून कुणी उठतं का? लोक बघायलेत."

"बघू द्या. तोंड माझं हाय."

ती मुलगी धावत आली आणि माझ्या ओंजळीत गार पाणी ओतत राहिली. बराच वेळ. आरशात पाहिलं तर दोन्ही गाल आणि हनुवटी पिकल्या टोमॅटोसारखी लाल. नणंद मागं उभी होती. ती म्हणाली, "मध्येच धुतलंस म्हणून झालं हे. पूर्ण होऊ दिलं असतंस तर काय झालं नसतं." हीच गोष्ट मग आळंदला पोचली, आणि अजूनही तिथल्या काही घरांत हीच खरी मानतात.

रात्रीतून गाल सुजले, सकाळी त्यातून लस येऊ लागली. आईनं मला बघितलं आणि तोंडावर पदर घेतला. बीदरला कातडीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी विचारलं, आधी घरी काय लावलं होतं? आई पटकन म्हणाली, "काय न्हाई साहेब, नुसतं घरचं." डॉक्टरांनी घरचं म्हणजे काय ते एकेक करून काढून घेतलं. लिंबानं आणि घासण्यानं वरची कातडी सोलली होती, त्यावर पुन्हा घासलं, वाफ दिली, आणि मग ब्लीच. त्यांनी मलम लिहून दिलं आणि बजावलं, नीट बरं होईपर्यंत तोंडाला दुसरं काहीही नाही. ऊन नाही, मेकअप नाही. आईनं हळू आवाजात विचारलं, "हळद चालंल का? पुढल्या आठवड्यात लग्न हाय." डॉक्टर म्हणाले, "नाही. हळदसुद्धा नाही."

बाहेर येऊन आई दवाखान्याच्या पायरीवर बसली. मी तिला काही बोलले नाही. बोलले असते तर ती तिथंच कोसळली असती.

पहिल्यांदाच करणार असाल तर लग्नाच्या महिना-दीड महिना आधी करून बघा, हे मी आता सगळ्यांना सांगते. काही बिघडलंच तर कातडीला वेळ मिळतो. मला मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी खपल्या धरल्या, कुठं काळं, कुठं गुलाबी, कुठं पांढरट. आणि त्याच दिवशी माझ्या वडलांना, अप्पांना, आळंदहून निरोप आला: नवरीचा चेहरा असा, फोटोत कसं दिसंल, पाहुणे काय म्हणतील, तेव्हा मुहूर्त पुढं ढकलूया. बघू पुढं कधी.

बघू पुढं कधी याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. पत्रिका जुळत नाही म्हणायची ती नवी रीत होती. अप्पा खाली मान घालून म्हणाले, "ढकलूया बाई. त्यांचंबी खरं हाय." घरात जो येई तो माझ्यासमोर उभा राहून म्हणे, अगंऽऽ, कसं दिसायलंय हे. जाईल का डाग? राहील का? फोटोचं काय करणार? चुलती, मामी, शेजारीण, शाळेतल्या बायका. कसं दिसायलंय याशिवाय कुणाला दुसरं काही सुचलं नाही.

मी नवऱ्या मुलाला फोन लावला. लग्नाआधी मुलीनं असा फोन करणं आमच्याकडं बसत नाही. लावला.

"तुमच्या घरून मुहूर्त पुढं ढकलायचा निरोप आलाय," मी म्हणाले. "तुमचं काय म्हणणं हाय?"

तो म्हणाला, "घरचे म्हणायलेत... अक्काला विचारून बघतो."

हाच तो, ज्यानं माझं उत्तर संपेपर्यंत ऐकलं होतं. मी म्हणाले, "मुहूर्त बदलायचा तर मुलगीबी बदला. मी उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघते, मग इकडून आम्हीच नकार कळवतो." आणि फोन ठेवला. रात्री उशीत तोंड खुपसून रडायचीसुद्धा सोय नव्हती. अश्रू गालावर आले की झोंबायचे. म्हणून रडले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, लग्न ठरल्या दिवशीच. का, कसं, कुणी काय म्हटलं, काही कळलं नाही. त्यानं फोन केला नाही. मीही नाही. तो मनानं हो म्हणाला की दिलेला शब्द मोडायची लाज वाटली म्हणून, हे मला लग्नाच्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. आयुष्यभर ज्याच्यासमोर जेवायला बसायचं तो माणूस माझ्या या तोंडाकडं बघून नजर फिरवेल का, एवढाच प्रश्न डोक्यात होता. बाकी कुणाच्या नजरेची मी फिकीर सोडली होती.

लग्न औरादच्या एका फंक्शन हॉलमध्ये होतं. सकाळी मुलाकडची मंडळी नवरदेवाची उष्टी हळद घेऊन आली. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लागते, तोंडापासून पायापर्यंत. नणंद वाटी घेऊन पुढं आली. मागं आळंदहून आणलेली मेकअपवाली पेटी धरून उभी. मी दोन्ही हात पुढं केले. "हाताला लावा, पायाला लावा. तोंडाला न्हाई. डॉक्टरांनी नको म्हटलंय. आन् मेकअपबी न्हाई."

"असं कुठं असतंय का?" नणंद म्हणाली. "तोंडाला लावल्याबिगर हळद लागत न्हाई. जरासं बोट लावते. आन् मेकअप न्हाई म्हणजे? स्टेजवर असं तोंड घेऊन बसणार? आमच्या घराची शोभा करायलीस का?"

तिनं बोट हळदीत बुडवलं आणि माझ्या गालाकडं आणलं. मी मान मागं घेणार तोच आईनं तिचं मनगट धरलं. माझी आई, मुलाकडच्या पोराटोरांनासुद्धा अहोजाहो करणारी.

"अक्का," आई म्हणाली, "पोरीचं तोंड माझ्या हातानं सोललंय. तुमच्यासमोर माझी इज्जत राहावी म्हणून घासलं मी. आता त्या तोंडाला कुणी हात लावायचा न्हाई. वाटी द्या हिकडं."

तिनं वाटी घेतली, खाली बसली आणि माझ्या पायांना हळद लावायला लागली. रडत होती. मग चुलती पुढं झाली, तिनं हातांना लावली. मग मामी. आणि मग आळंदचीच एक म्हातारी, मुलाची लांबची आत्या, पुढं येऊन कोपरापर्यंत लावून गेली. नणंद भिंतीशी उभी राहिली. पेटी उघडली नाही.

मुंडावळ्या बांधल्या, शालू नेसवला, आणि गालावर त्या खपल्या, कुठं काळ्या, कुठं गुलाबी, तशाच घेऊन मी हॉलच्या मधून चालत गेले. खुर्च्यांच्या रांगांमधून कुजबुज माझ्याबरोबर पुढं सरकत होती. मामानं मागून हळूच सांगितलं, मान खाली घाल. मी घातली नाही. वर्गात शिरते तशी शिरले.

अंतरपाट धरला. पलीकडं तो. मला फक्त त्याच्या फेट्याचा तुरा दिसत होता. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींचं एकेक कडवं संपेना. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. परीक्षेला नाही, नोकरीच्या मुलाखतीला नाही, ब्लीच जळत होतं तेव्हाही नाही. हा बघेल. आत्ता बघेल.

ताशा वाजला, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली गेला. त्यानं पाहिलं. त्या डागांकडं पाहिलं, एका गालाकडून दुसऱ्या गालाकडं, सावकाश, सगळं पाहिलं. नजर फिरवली नाही. मग हार तसाच हातात धरून पुढं वाकला आणि विचारलं, "दुखतंय का?"

एवढ्या दिवसांत, डॉक्टर सोडले तर, हे मला कुणीही विचारलं नव्हतं.

भटजींचा माइक आमच्या दोघांच्या मधोमध होता आणि चालू होता. त्याचा प्रश्न हॉलभर घुमला, आणि पाठोपाठ माझं उत्तरही, मागं पंगतीत वाढणाऱ्यांपर्यंत. नवरीनं स्टेजवर बोलायचं नसतं. मी बोलले.

"व्हय," मी म्हणाले. "लई दुखतंय."